खोड, कडता आणि वॉरंटी : सदोष मालाच्या कायद्याचा वऱ्हाडातला प्रवास

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘क्रीतानुशय’ नावाचा एक विषय आहे. क्रीत म्हणजे विकत घेतलेले आणि अनुशय म्हणजे मागाहून होणारा पश्चात्ताप. घेतलेली वस्तू पसंत पडली नाही, तिच्यात दोष निघाला, तर ती परत करायला किती दिवस मिळावेत, याचा हा विचार आहे. स्मृतिकार मोघम बोलत नाही, थेट आकडे देतो. बियाण्याच्या परीक्षेला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. त्याच यादीत दासदासींच्याही मुदती आहेत. त्या समाजाची ती काळी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या व्यवहारबुद्धीतून ही यादी आली ती लक्षात घेण्याजोगी आहे. वस्तूचा दोष विकत घेताना दिसत नाही, वापरताना दिसतो. म्हणून वापरून पाहायला मुदत हवी, आणि ती मुदत ‘योग्य तेवढी’ असून चालत नाही, तिला आकडा हवा.

वऱ्हाडातल्या कास्तकाराला हे शहाणपण पोथीतून शिकावे लागले नाही. बैल घेणारा दात पाहतो, चालवून पाहतो, जमल्यास जुंपून पाहतो, आणि विकणाऱ्याला विचारतो, ‘काही खोड आहे का?’ बसणारा बैल, मारका बैल, जू टाकणारा बैल या खोडी दावणीला बांधलेल्या जनावराकडे पाहून कळत नाहीत. औताला लावल्यावर कळतात.

आज बैलाच्या जागी ट्रॅक्टर, ऑटो, मालवाहू टेम्पो, दुचाकी आणि मोटार आली आहे. तिची खोडही शोरूमच्या काचेआड दिसत नाही. समजा, दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्याने कर्ज काढून गाडी घेतली. दुसऱ्या महिन्यात ती तापू लागली. वर्कशॉपने एक सुटा भाग बदलून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. सहा वेळा, आठ वेळा गाडी अमरावती-अकोल्याच्या वर्कशॉपला जाऊन आली. दर वेळी ‘वॉरंटीत करून दिली, पैसे घेतले नाहीत’ असे सांगितले गेले. इकडे बँकेचा हप्ता चालू, धंदा बंद आणि वॉरंटीची मुदत संपत आलेली. अशा माणसाला कायदा काय देतो, आणि जे देतो ते कोणत्या वाटेने इथवर आले? ही वाट शोधू लागलो की ती मोटारीच्या कारखान्याकडे न जाता आधी कापसाच्या बाजाराकडे वळते.

बलवान गिऱ्हाईक, दुबळे गिऱ्हाईक

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि त्यांचे लक्ष हिंदुस्थानी कापसाकडे वळले. अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘ऊमरा’ ही कापसाची व्यापारी प्रत विलायतेत रूढ झाली. पण तक्रारीही तिथूनच आल्या. गाठींत पाणी मारलेले असते, माती-सरकी असते, जुना कापूस नव्यात मिसळलेला असतो. मुंबई सरकारने १८६३ मध्येच कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. त्यात तपासनीस आले, शिक्षा आल्या. सदोष माल विकणे हा केवळ दोघांमधला तंटा न राहता गुन्हा ठरला.

तो कायदा ज्याच्यासाठी झाला तो खरेदीदार साधासुधा नव्हता. त्याच्यामागे मँचेस्टरचे वजन होते. खरेदीदार बलवान असला की सदोष मालाचा कायदा लवकर होतो, ही या इतिहासातली पहिली नोंद.

दुसऱ्या टोकाला वऱ्हाडचा कास्तकार होता. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा या बाजारांत तो माल घेऊन येई, तेव्हा वजन दुसऱ्याचे, माप दुसऱ्याचे आणि भावही दुसऱ्याचा. मालात ओल आहे, कचरा आहे असे म्हणून वजनातून ‘कडता’ कापला जाई. दोष आहे की नाही आणि किती आहे, हे खरेदीदाराच्या बाजूचाच माणूस ठरवी. १८८६ मध्ये कारंजाचा बाजार हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित झाला. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. त्याने बाजाराची जागा ठरवली, दलाल आणि मापारी यांना परवाना सक्तीचा केला आणि देखरेखीला समिती नेमली. देशातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची ही पूर्वपिठिका.

या कायद्याचे मोठेपण मान्य करूनही त्यातली उणीव सांगितली पाहिजे. समितीत नगरपालिकेचे प्रतिनिधी होते आणि व्यापारी होते, कास्तकार नव्हता. ज्याच्या मालातला दोष मोजायचा त्याचाच माणूस मोजणाऱ्यांत नाही. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यात उत्पादकाचा विचार झाला, आणि १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. तोवर वऱ्हाडात एक धडा गिरवून झाला होता. नुसता कायदा पुरत नाही. माल तपासणारा तिसरा माणूस लागतो, आणि तो खरोखरच तिसरा असावा लागतो.

शर्त आणि हमी

वस्तूतल्या दोषाबद्दलचा सर्वसाधारण कायदा मात्र वऱ्हाडात वेगळ्याच वळणाने पोहोचला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले, तरी सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने ते घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. तरीही ते कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. त्यामुळे दिल्लीत झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळा लावून घ्यावा लागे. अखेर १९४१ च्या ‘वऱ्हाड विधी अधिनियमा’ने अनेक मध्यवर्ती कायदे एकदम वऱ्हाडला लागू केले. १९३० चा मालविक्री कायदा त्यांपैकीच एक.

हा मालविक्री कायदा १८७२ च्या करार कायद्यातले विक्रीचे प्रकरण वेगळे काढून, १८९३ च्या इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर रचला गेला. इंग्लिश कायद्याचा मूळ बाणा असा, की गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवून घ्यावे, मागाहून रडू नये. कलम १६ त्याला अपवाद करते. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकाने सांगितले असेल आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. तशा मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारात चालण्याजोगा असला पाहिजे.

पण याच कायद्यात एक बारीक भेद आहे, आणि आजच्या गाडीमालकाचे भवितव्य अजून त्यातच अडकलेले दिसते. कलम १२ ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांत फरक करते. शर्त मोडली तर सौदाच मोडता येतो, म्हणजे वस्तू परत आणि पैसे परत. हमी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मिळते, वस्तू गळ्यात राहते. कलम १३ पुढे सांगते, की माल एकदा स्वीकारला की शर्तीचा भंगही बहुधा हमीच्या भंगासारखाच धरायचा. कलम ६२ म्हणते, कायद्याने गृहीत धरलेली ही बंधने उभयतांच्या कराराने बाजूला सारता येतात.

गाडीबरोबर मिळणारी वॉरंटीची पुस्तिका या तीन कलमांच्या उजेडात वाचावी. आपण तिला कंपनीने दिलेले संरक्षण समजतो. ते आहेच, पण ती कुंपणही आहे. ‘सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ’ या वाक्यात, त्यापलीकडे काही देणार नाही, हेही लिहिलेले असते. वॉरंटी म्हणजे दोन वर्षांची खात्री, असे घेणारा समजतो. कायद्याच्या कानाला तो शब्द ‘शर्त नव्हे, हमी’ असा ऐकू येतो.

रांगेतला ग्राहक

स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशके हा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण गाडी मिळणे हेच भाग्य होते. परवाना पद्धतीत मोटारीचे कारखाने मोजके होते. कुर्ल्याची वालचंद हिराचंद यांची प्रीमियर, बंगालची हिंदुस्थान मोटर्स, आणि दुचाकीत पुण्याची बजाज. स्कूटरसाठी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहणे हा मध्यमवर्गीय घरांचा अनुभव होता. नंबर लागून आलेली स्कूटर लोक जास्त पैसे देऊन दुसऱ्याकडून घेत. असा माणूस सदोष गाडी परत करण्याची भाषा कशी करील? परत केली तर पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहायचे. टंचाईच्या बाजारात हक्क कागदावर असला तरी तो वापरण्याची हिंमत होत नाही.

१९६९ च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन खोट्या हमीला अनुचित व्यापारी प्रथा ठरवण्यात आले. पण ते आयोगाचे दार दिल्लीत. अकोल्याच्या माणसाने बंद पडणाऱ्या स्कूटरसाठी दिल्ली गाठावी, ही अपेक्षाच हास्यास्पद होती. जिल्ह्याचे दिवाणी न्यायालय जवळ होते, पण तिथे दाव्याच्या रकमेवर मुद्रांक, वकील आणि तारखांमागून तारखा.

या कोंडीला फोडणारा प्रयत्न महाराष्ट्रातही झाला. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली. ‘गिऱ्हाईक’ या शब्दातला हलकेपणा काढून ‘ग्राहक’ हा अर्थव्यवहारातला एक घटक म्हणून उभा करणे हा त्या चळवळीचा गाभा होता. एप्रिल १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी आपल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दिवसाची आठवण म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, न्यायाचे दार जिल्ह्याला आणले. अमरावतीचा माणूस अमरावतीत, अकोल्याचा अकोल्यात, वकिलाशिवाय स्वतः उभा राहू शकतो. सुरुवातीला जिल्हा मंचाची मर्यादा १ लाख रुपयांची होती. १९९३ मध्ये ती ५ लाख आणि २००३ मध्ये २० लाख झाली. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. शर्त की हमी या वादात न शिरता कायद्याने सरळ उपाय लिहिले : दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, किंमत परत करा, भरपाई द्या. १९३० मध्ये बंद झालेला ‘वस्तू परत’ हा दरवाजा १९८६ मध्ये उघडला.

‘व्यापारी हेतूने’ घेतलेली वस्तू मात्र या कायद्याबाहेर होती. मग ऑटोवाला ग्राहक की व्यापारी? १९९३ च्या दुरुस्तीने खुलासा केला, की स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची नव्हे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योगाच्या सदोष यंत्राच्या खटल्यात हे तत्त्व समजावून सांगितले. स्वतः चालवण्यासाठी गाडी घेणारा ग्राहक आहे. ती घेऊन केवळ दुसऱ्याच्या हाती धंद्याला देणारा नाही.

भाग की गाडी?

दरवाजा उघडला तरी उंबरठा होताच. सारखी बिघडणारी गाडी बदलून मिळावी की नुसता भाग, या प्रश्नावर २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीचे शब्द प्रमाण धरले. वॉरंटी भाग बदलून देण्याची आहे, तेव्हा अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. सदोष भाग बदलावा आणि ग्राहकाला ५० हजार रुपये द्यावेत, असा निकाल झाला. जुनी ‘हमी’ नव्या कायद्याच्या घरात पुन्हा शिरली ती अशी.

२०१० च्या अखेरीस फियाटच्या प्रकरणात दिशा थोडी बदलली. तिथे इंजिन बदलून देण्याचा आदेश झालाच होता. न्यायालयाने पुढे जाऊन म्हटले, की स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाला गाडीत उत्पादनातलाच अंगभूत दोष आढळला, तर ग्राहकाला किंमत १२ टक्के व्याजासह परत मिळाली पाहिजे. या निकालातला कळीचा शब्द ‘स्वतंत्र’ हा आहे. २०२१ मध्ये गोव्यातून आलेल्या टाटा मोटर्सच्या खटल्यात मुद्दा वेगळा होता. २०११ ची नवी म्हणून विकलेली गाडी २००९ च्या बांधणीची आणि आधीच चाललेली निघाली. विक्रेत्याच्या या करणीची निर्मात्याला माहिती होती हे सिद्ध न झाल्यामुळे निर्माता सुटला. म्हणून तक्रारीत कोणावर कोणता आरोप आहे, हे विक्रेता आणि निर्माता यांच्यासाठी वेगवेगळे मांडावे लागते.

२०२२ मध्ये ह्युंदाईच्या प्रकरणात, अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून गाडी बदलून देण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. किती वेगाने किती धक्का बसला, याचे गणित ग्राहकाने मांडावे ही अपेक्षा चूक आहे. सामान्य ग्राहक भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो. दोष उघड बोलत असेल तर तज्ज्ञाच्या दाखल्यावाचून अडू नये.

याला समांतर विचार वऱ्हाडच्या जिव्हाळ्याच्या विषयात, बियाण्यात, आधीच झाला होता. बियाणे उगवले नाही तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा, असे कंपन्या म्हणत. पण कास्तकाराने सगळे बियाणे पेरलेले असते. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पुढे खटला होईल म्हणून शेतकरी बियाणे राखून ठेवील ही अपेक्षा अवास्तव आहे. पुरावा हाती नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

गाडीचे दुखणे याच जातीचे. ती बिघडते मालकाच्या हातात, पण तपासली जाते विकणाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये. बिघाडाची नोंद त्याच्या संगणकात, काढलेला सदोष भाग त्याच्या गोदामात. कडता कापणाऱ्याच्याच हाती तराजू असावा, तशी ही स्थिती.

आकड्याची गरज

२०१९ च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, बरेच दिले आहे. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पुण्यात घेतलेल्या गाडीची तक्रार अकोल्यात चालते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी थेट निर्मात्यावर टाकणारे प्रकरण आहे. एकतर्फी करार अनुचित ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत केली पाहिजे. दुरुस्तीच्या फेऱ्यांत हीच मुदत हातातून निसटते.

नाही तो आकडा. किती वेळा दुरुस्ती फसली म्हणजे गाडी सदोष समजावी? अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये याचे उत्तर दिले : त्याच दोषासाठी चार प्रयत्न फसले किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये अडकली, तर ती बदलून द्या किंवा पैसे परत करा. इतर राज्यांनी तेच केले. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात पहिल्या ३० दिवसांत माल परत करता येतो, आणि त्यानंतर दुरुस्तीचा एक प्रयत्न फसला की परत करण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क मिळतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला. पण तो एकाच बनावटीच्या अनेक गाड्यांतल्या धोक्यासाठी आहे. एकट्या माणसाच्या एकट्या खोडकर गाडीला त्याचा उपयोग नाही.

आकडा नसल्याने प्रत्येक ग्राहकाला दोष नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि तपासणीचा खर्चही आधी त्यानेच भरायचा. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावावा असे कायदा म्हणतो. एअरबॅगच्या त्या प्रकरणात अपघात २०१७ चा आणि शेवटचा निकाल २०२२ चा आहे. इतक्या काळात ऑटोवाल्याचे कर्ज फिटते किंवा ऑटो ओढून नेला जातो.

कायद्यात आकडा येईपर्यंत तो आपणच कागदावर उभा करायचा. गाडी वर्कशॉपला दिली की जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढ्यावर सही करू नये. गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा आणि बदललेल्या भागाचे नाव असलेली प्रत मागावी. तिसऱ्या खेपेला विक्रेता व निर्माता दोघांना लेखी कळवावे. आणि आयोगात पहिल्याच अर्जाबरोबर स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याची मागणी करावी. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तज्ज्ञासाठी दरवेळी पुण्या-मुंबईकडेच पाहण्याचे कारण नाही. अशी चार जॉब कार्डे एकाखाली एक ठेवली, की त्या तारखाच बोलू लागतात.

ग्राहक संघटनांनीही दर २४ डिसेंबरला हक्कांची तीच यादी वाचण्याऐवजी एवढी एकच मागणी लावून धरावी : फसलेल्या दुरुस्त्यांची संख्या आणि अडकलेल्या दिवसांची संख्या कायद्यात लिहा. ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी स्मृतिकाराने पाच दिवस लिहिले होते. आपल्या संसदेने गाडीसाठी तिचा आकडा अजून लिहिलेला नाही.